घरात कुत्रा-मांजर असेल तर व्हॅक्यूम क्लीनर घेताना मोटारीच्या पलीकडे बघा

मे महिन्यातली दुपार. बाहेर 44 अंश, घरात कूलर चालू, आणि पश्चिमेच्या खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी तिरपी दिवाणावर आलेली. नवा घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर मी गादीवर फिरवत होते. सहज मागे पाहिलं, तर यंत्राच्या पाठीमागच्या जाळीतून निघणारी हवा त्या उन्हात शिरत होती आणि पट्टीभर पिठासारखी बारीक धूळ गरगरत होती. जाडंभरडं तेवढं आत राहत होतं, बारीक सगळं घरभर पसरत होतं. पाच मिनिटांत आतल्या खोलीतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. "हाऊ भोंगा बंद कर व माय," एवढंच म्हणाल्या आणि उशाखाली इन्हेलर चाचपू लागल्या.

यंत्र मी त्यांच्यासाठीच आणलं होतं. घरात मोत्या आहे, लॅब्रॅडॉरच्या वळणाचा, आणि मनी आहे, जी पावसाळ्यात एका रात्री आली आणि राहिलीच. दोघांचे केस गादीत, सोफ्यात, सतरंजीत, पडद्याच्या खालच्या पट्टीत, कूलरच्या जाळीवर, कधी कधी वरणातही. केरसुणीने केस पुढे जायच्या ऐवजी वर उडतात, म्हणून दुकानात जाऊन सगळ्यात जास्त वॅटचं यंत्र उचलून आणलं. ती निवड चुकली. चूक नेमकी कुठे झाली हे समजायला मला बराच काळ लागला. तुमचे पैसे आणि कुणाचा तरी श्वास वाचावा, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

पंपाची पाटी वाचता येत असेल तर हे येतंच

त्या रविवारी यावलहून भाऊ आला. त्याची केळीची बाग आहे, ठिबकवर. त्याने खोका उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, तू हॉर्सपॉवर बघून मोटार घेतलीस. हेड किती? डिस्चार्ज किती?"

ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं उलगडते. पाण्याच्या पंपाच्या पाटीवर तीन गोष्टी असतात. हॉर्सपॉवर म्हणजे मोटार किती मोठी. हेड म्हणजे पाणी किती उंच चढेल. डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला किती लिटर पडेल. यातली मेख अशी की हेड आणि डिस्चार्ज दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. पाणी जितकं उंच न्याल तितकी धार बारीक होते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर दाब सगळ्यात जास्त आणि पाणी शून्य.

व्हॅक्यूम क्लीनर हा हवेचा पंप आहे. त्याच्या खोक्यावरचे वॅट म्हणजे तो वीज किती घेतो, बस. त्यातली किती खऱ्या कामाला लागते हे वॅट सांगत नाही. युरोपात तर सप्टेंबर 2014 पासून 1600 वॅटच्या वरचे आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायलाच बंदी झाली. तिथली घरं त्याने काही घाण राहिली नाहीत. कंपन्यांनी पंखा, नळी आणि तोंड यांची घडण सुधारली. म्हणून 2000 वॅटचं यंत्र 1000 वॅटवाल्याच्या दुप्पट ओढेल असं मुळीच नाही.

हेडच्या जागी इथे ओढीचा दाब असतो. तो पास्कल किंवा किलोपास्कलमध्ये देतात. 1000 पास्कल म्हणजे 1 किलोपास्कल. दुकानात इथेच मोठा घोटाळा होतो, कारण रोबोटच्या खोक्यावर ठळक अक्षरात 5000 लिहिलेलं असतं आणि शेजारच्या वायरवाल्या यंत्रावर नुसतं 18. पहिला आकडा पास्कलचा, दुसरा किलोपास्कलचा. म्हणजे 5 विरुद्ध 18. वायरवाल्या चांगल्या यंत्रात 15 ते 20 किलोपास्कल ही नेहमीची पातळी आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा आकडा बहुतेक वेळा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब मोजावा तसा. त्या क्षणी हवा अजिबात वाहत नसते.

डिस्चार्जच्या जागी हवेचा प्रवाह, सेकंदाला इतके लिटर. आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे एअर वॅट. हा आकडा खोक्यावर असेल तर आधी तोच बघा, कारण प्रत्यक्ष काम त्यात दिसतं.

केसांच्या बाबतीत हे दोन्ही का लागतं? मोकळ्या फरशीवरचा केस हलका असतो, त्याला वाहून न्यायला वारा पुरतो. पण कापसाच्या गादीतून हवा ओढायची म्हणजे गादीच अडथळा. तिथे दाब लागतो. नुसता दाब असलेलं यंत्र गादीची खोळ तोंडात धरून बसतं, नुसता प्रवाह असलेलं वरवर फिरून येतं.

भाऊ जाताना आणखी एक सांगून गेला, ते मला फार उपयोगी पडलं. पंपाच्या सक्शन पाइपाला कुठे बारीक चीर असली की मोटार हवा घेते. आवाज पूर्ण येतो आणि पाणी येत नाही. व्हॅक्यूमच्या नळीचंही तसंच. ओढ कमी वाटली तर मोटारीला दोष देण्याआधी सगळे सांधे, झाकणाचं रबर आणि नळीची घडी पडणारी जागा हाताने चाचपून बघा.

तोंड: केस सुटतो तो इथे

आता खरा मुद्दा. प्राण्यांच्या घरात यंत्राचं पुढचं टोक आणि मागचं टोक या दोन गोष्टी मोटारीपेक्षा जास्त महत्त्वाच्या. दुकानदार मधल्या मोटारीबद्दल बोलतो, कारण तिचा आकडा सांगायला सोपा असतो.

जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, रुई सरकीपासून नुसती ओढून सुटत नाही. चामड्याचा रोलर रुई धरतो आणि पातं सरकीला मागे ठोकरतं, तेव्हा दोघं वेगळे होतात. सोफ्याच्या कापडात रुतलेला कुत्र्याचा केस असाच असतो. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, माणूस बसला-उठला की केस विणीत आणखी आत सरकतो. सपाट तोंडाने वरून कितीही ओढा, तो तिथेच राहतो. त्याला आधी उचकटावं लागतं, मग हवा त्याला नेते. उचकटायचं काम फिरता ब्रश करतो.

फिरते ब्रश दोन जातींचे असतात आणि दोन्ही खोक्यावर सारखेच दिसतात. एक टर्बो ब्रश, जो आत शिरणाऱ्या हवेच्याच जोरावर फिरतो, पाणचक्कीसारखा. तो स्वस्त असतो, पण ओढीतलाच थोडा जोर खातो, आणि मऊ गादीवर दाबून धरला की थांबतो. म्हणजे जिथे लागतो तिथेच थांबतो. दुसऱ्यात स्वतःची छोटी मोटार असते. तो दाबला तरी फिरत राहतो. केसांसाठी हा घ्या. त्यातही जमिनीवरच्या रुंद तोंडापेक्षा हातात मावणारं, वीतभर रुंदीचं मोटारवालं तोंड सोबत मिळतंय का ते बघा.

हे मी जोर देऊन सांगते, कारण या विषयावरचा बराचसा सल्ला भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरांसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे खाली शहाबादी, कोटा किंवा टाइल्स. केस राहतात ते गादी, गोधडी, सोफा, दिवाणाच्या कडा आणि चटईत. जळगावच्या एमआयडीसीत बनणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया तर इकडे घरोघरी. कोरड्या हिवाळ्यात त्या चटईवर हात फिरवला की विजेची चटचट होते आणि केस तिला चिकटून बसतो. त्यामुळे आपल्याकडे नव्वद टक्के लढाई त्या छोट्या तोंडाने लढायची असते, असं माझं मत आहे. मोठं गालिच्याचं तोंड नुसतं कपाटात पडून राहतं.

फरशीवर उलट प्रकार होतो. ताठ केसांचा वेगाने फिरणारा ब्रश फरशीवर चालवला तर तो कुत्र्याचे केस आणि सांडलेले खाद्याचे दाणे पुढे भिरकावतो. फरशीसाठी मऊ, कापडी रोलर किंवा ब्रश बंद करायची सोय हवी. दोन्ही नसेल तर साधं सपाट तोंड चांगलं.

रोलरला केस गुंडाळले जातात, त्याबद्दल मात्र बिचाऱ्या प्राण्यांवर उगाच आळ येतो. मागच्या महिन्यात मी आमचा रोलर काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि ब्लाउज शिवायच्या कात्रीने त्याच्यावरची गुंडाळी लांबीभर चिरली. उलगडून पाहिलं तर मोत्याचे आखूड पिवळट केस मधे अडकलेले, पण त्यांना बांधून ठेवणारे काळे लांब धागे सगळे माझे आणि मुलीचे. आखूड केस हवेबरोबर निघून जातात. लांब केस रोलरला विळखा घालतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये शिरतात. तिथे घर्षणाने गरम होतं, रोलर जड फिरतो आणि एक दिवस बेल्ट तुटतो. म्हणून दुकानातच विचारा, रोलर पेचकस न लावता निघतो का? निघत असेल तर तुम्ही तो पंधरवड्याला साफ कराल. निघत नसेल तर कधीच करणार नाही.

एक साधी गोष्ट यंत्र घेण्याआधी करून बघा. भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावर एकाच दिशेने ओढा. केसांचा गोळा होऊन येतो. ज्या सोफ्यावर मोज्याने काम होतं त्याच्यासाठी महागडं तोंड कशाला घ्यायचं?

शेपटाकडची हवा

पहिल्या यंत्राने सासूबाईंना त्रास का झाला, याचं उत्तर मागच्या टोकाला आहे.

बऱ्याच जणांना वाटतं, मला पण वाटायचं, की ॲलर्जी केसांची असते. तसं नाही. ॲलर्जी असते प्राण्याच्या लाळेतल्या, कातडीतल्या आणि तेलग्रंथींतल्या प्रथिनांची. मांजर स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचा आणि कातडीच्या कोंड्याचा बारीक चुरा हवेत उडतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. मांजराच्या या चुऱ्यातले पुष्कळ कण 5 मायक्रॉनहूनही लहान असतात. इतके हलके कण एकदा उडाले की तासन्‌तास खाली बसत नाहीत, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. मांजर घरातून गेल्यावरही त्याचा अंश गाद्यांमध्ये काही महिने राहतो.

साध्या जाळीच्या व्हॅक्यूममध्ये केस अडकतो आणि हा चुरा आरपार जातो. वर मोटार त्याला जोराने उडवते. शांत बसलेली घाण आपणच हवेत सोडतो. ती उन्हाची पट्टी मला तेच दाखवत होती.

यावर उपाय म्हणजे हेपा फिल्टर. अमेरिकेत 1940 च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी हा तयार झाला. बारीक तंतूंचा घट्ट घड्या घातलेला कागद, असं त्याचं रूप. तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. 0.3 च का? कारण सगळ्यात अवघड तेच असतात. मोठा कण वळणावर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतो आणि कुठेतरी तंतूला चिकटतोच. मधल्या आकाराचा कण ना धड आदळतो, ना धड भरकटतो. तो अडला म्हणजे बाकीचे अडलेच. युरोपच्या मापात एच13 असं लिहिलेलं असतं, तिथे 99.95 टक्के. दोन्ही घरासाठी उत्तम. "हेपासारखा", "हेपा टाइप" असं लिहिलं असेल तर त्याला काही माप नाही, ते सोडून द्या.

पण नुसता चांगला फिल्टर पुरत नाही. झाकणाच्या कडेने हवा निसटत असेल तर ती फिल्टरमधून जाईलच कशाला? पाणी वाट सापडेल तिकडे जातं, हवा पण. त्यामुळे संपूर्ण यंत्र सीलबंद आहे का, हवा फक्त फिल्टरमधूनच बाहेर पडते का, हा प्रश्न विचारायचा. दुकानात यंत्र चालू करून झाकणाच्या सांध्यांवरून ओला हात फिरवला तर गळणारी हवा गार लागते.

व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्मातच दमा आहे, हे वाचलं तेव्हा मी थोडी गहिवरले. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचे एक सफाई कामगार होते. त्यांना दमा होता आणि रोज झाडूच्या धुळीने जीव कासावीस व्हायचा. त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून उचलता येईल असं यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि पुढे ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतलं. धुळीने ज्याचा श्वास कोंडतो त्याच्यासाठीच ही वस्तू पहिल्यापासून आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हेपावालं यंत्र आणलं म्हणजे दमा बरा होत नाही. औषध डॉक्टर सांगतील तेच. घरात ज्याला त्रास आहे त्याच्या झोपायच्या खोलीत प्राण्याला न येऊ देणं, हे कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं काम आहे. सफाई चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास त्या माणसाने दुसरीकडे बसावं. आमच्याकडे सासूबाई तेवढा वेळ ओट्यावर बसतात, मोत्या त्यांच्या पायाशी.

बॅग की डबा

हे पुन्हा ठिबकवरूनच समजतं. केळीच्या ठिबकला विहिरीचं पाणी थेट सोडत नाहीत. आधी हायड्रोसायक्लोन असतो, निमुळता लोखंडी भोपळा. पाणी त्यात गोल फिरतं, रेती जड म्हणून कडेला फेकली जाते आणि खाली बसते. उरलेला बारीक गाळ पुढच्या वाळूच्या आणि जाळीच्या फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचे काटे असतात. दोन्हीत फरक वाढला की शेतकऱ्याला कळतं, फिल्टर तुंबला, बॅकवॉश करा.

बिनबॅगेचा व्हॅक्यूम म्हणजे हवेचा हायड्रोसायक्लोन. ब्रिटनच्या जेम्स डायसन यांनी लाकडाच्या गिरणीवरचा असाच सायक्लोन पाहून घरगुती यंत्र बनवायला घेतलं, 5127 नमुने केले आणि 1993 मध्ये स्वतःच्या नावाने बाजारात आणलं. त्यात बॅगेचा खर्च नाही आणि काय ओढलं ते पारदर्शक डब्यात दिसतं. केस गोळा होऊन डब्यात राहतात. पण आपली काळी माती फार बारीक. पावसाळ्यात मोत्या पायाला चिखल घेऊन येतो, तो वाळतो आणि त्याचं मैद्यासारखं पीठ होतं. हे पीठ सायक्लोनमध्ये पूर्ण खाली बसत नाही, पुढच्या फिल्टरवर जाऊन थर धरतं. मग ओढ मंदावते. यंत्राला दाबाचा काटा नसतो, आपणच लक्ष ठेवायचं. फिल्टर धुता येतो असं लिहिलं असेल तरच धुवा, सावलीत निदान एक दिवस पूर्ण सुकवा आणि मगच बसवा. ओला फिल्टर बसवला की कुबट वास येतो आणि मोटार बिघडू शकते.

डब्याची दुसरी अडचण तो रिकामा करताना येते. झाकण उघडलं की चुरा पुन्हा तोंडावर. ज्या घरात दमा किंवा ॲलर्जी आहे तिथे मी कापडासारख्या थरांची बॅग असलेलं यंत्रच सुचवेन. भरली की तोंड बंद करून टाकून द्यायची, धुळीशी संबंध नाही. खर्च होतो, आणि बॅगा तुमच्या गावात मिळतात का हे आधी विचारावं लागतं. दमा नसलेल्या घरात डबावालं चालेल, फक्त तो अंगणात जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून रिकामा करा.

पिसवा झाल्या असतील तेव्हा तर हे फारच महत्त्वाचं. पिसवांची अंडी प्राण्याच्या अंगावरून गळून गादीत, फटीत, चटईखाली पडतात आणि तिथेच त्यांच्या अळ्या होतात. जनावरांच्या डॉक्टरांचं औषध प्राण्याला, आणि व्हॅक्यूम घराला, दोन्ही सोबत चालवावं लागतं. सफाई झाली की बॅग किंवा डबा त्याच दिवशी घराबाहेर रिकामा करायचा.

ओल्या-कोरड्या दोन्ही कामाचं, बादलीसारखं यंत्रही मिळतं. पिल्लू घरात असेल आणि लघवी सतत सांडत असेल तर ते उपयोगी आहे. साध्या व्हॅक्यूमने लघवी किंवा ओला चिखल कधीही ओढू नका. मोटारीला धोका आणि विजेचाही. चिखल असेल तर पूर्ण वाळू द्या.

खानदेशातली वीज आणि ऊन

वायरवालं, बिनवायरचं की रोबोट, याचं उत्तर आपल्याकडे थोडं वेगळं येतं.

वायरवाल्याला ओढ जास्त, आयुष्य जास्त. 1400 वॅटचं यंत्र 20 मिनिटं चालवलं तर अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते, त्यामुळे बिलाची फार काळजी नको. काळजी सॉकेटची करा. 230 व्होल्टला 1400 वॅट म्हणजे 6 अँपिअरच्या वर, तेव्हा 16 अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. तो बऱ्याच घरांत फक्त स्वयंपाकघरात आणि गिझरपाशी असतो. खोलीत नसेल तर वायरची लांबी मोजून बघा. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हे चालवू नका, तो इतका भार घेत नाही.

बिनवायरचं यंत्र वीज नसतानाही चालतं आणि हातात घेऊन जिन्यावर, गाडीत, दिवाणावर सहज फिरतं. भारनियमनाची सवय असलेल्या गावात हे सुख आहे. पण 40 किंवा 60 मिनिटं असा जो वेळ लिहितात तो सगळ्यात हळू वेगाचा आणि मोटारवाला ब्रश न लावता. गादीवर पूर्ण जोराने चालवलं तर 10-15 मिनिटांत बॅटरी उतरते. आणि आपलं ऊन. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, 40 अंशांच्या वर तिला चार्ज करणं तिच्या आयुष्याला मारक आहे. एप्रिल-मे-जूनमध्ये चार्जर गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीवर लावू नका, पत्र्याच्या खोलीत तर नकोच. रात्री किंवा पहाटे, खालच्या गार खोलीत चार्ज करा. बॅटरी काढून नवी बसवता येते का, हेही विचारून घ्या, कारण दोन-चार उन्हाळ्यांनी तो प्रश्न येणारच.

रोबोट रोज फिरून फरशीवरचे केस साचू देत नाही, हा त्याचा मोठा गुण. गादी आणि सोफा त्याच्या हातचे नाहीत. जुन्या घरांचे उंबरठे त्याला ओलांडता येत नाहीत. आणि प्राण्याने रात्री शी केली असेल तर तो ती घरभर सारवून ठेवतो. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असलेल्या घरी मी तो सुचवणार नाही.

कुठलंही यंत्र वापरताना आधी कूलर बंद करा. कूलर चालू असताना ब्रशने उचकटलेले केस यंत्रात जाण्याआधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतात, आणि ओलसर हवेत भिंतीच्या कडेला चिकटून बसतात.

ज्याच्यासाठी आणायचं त्याला घाबरवू नका

माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास, मांजराला त्याहूनही वर. मोटारीची जी बारीक शिट्टी आपल्याला ऐकूच येत नाही ती त्यांच्या कानात शिरते. मोत्या पहिल्या दिवशी पलंगाखाली जाऊन थरथरत होता. मग मी दोन दिवस यंत्र नुसतं खोलीत ठेवलं, बंदच. त्याच्यावर भाकरीचा तुकडा ठेवायची. नंतर शेजारच्या खोलीत दोन मिनिटं चालवायची, इकडे मुलगी त्याला खाऊ द्यायची. पंधरा दिवसांत त्याने उठून जाणं सोडलं. मनी मात्र अजूनही कपाटावर जाते, आणि तिला तिथे जाऊ द्यावं.

केस थेट अंगावरून ओढायला व्हॅक्यूम लावू नका. त्याऐवजी रोज पाच मिनिटं अंगणात ब्रश फिरवा. अंगावरून निघालेला प्रत्येक केस गादीत जायचा वाचतो.

दुकानात जाताना

दुसरं यंत्र घ्यायला गेले तेव्हा मी एका पिशवीत मोत्याचे विंचरलेले केस आणि जुन्या गोधडीचा हातभर तुकडा घेऊन गेले. काउंटरवर गोधडी पसरली, केस तळहाताने चोळून तिच्यात चांगले मुरवले आणि म्हटलं, हे काढून दाखवा. तीन यंत्रं चालवून पाहिली. सगळ्यात जास्त वॅटवाल्याने गोधडीच तोंडात धरली. दुसऱ्याचा टर्बो ब्रश दाबल्याबरोबर थांबला. तिसरं वॅटने सगळ्यात कमी होतं, पण त्याच्या छोट्या मोटारवाल्या तोंडाने चार फेऱ्यांत तुकडा स्वच्छ झाला. मग मी ओला हात त्याच्या झाकणाच्या कडेने फिरवला आणि विचारलं, बॅगा, फिल्टर आणि बेल्ट जळगावातच मिळतील ना? दुकानदाराने आतून बॅगांचं पाकीट आणून समोर ठेवलं, तेव्हाच पैसे दिले.